बिनाका गीतमालेतील क्रमांक आणि १९५७ सालची एक वही

प्रश्न
लिहिणार : गिरणीचाळ (सोलापूर)

सर्वांना नमस्कार. माझे थोरले काका सोलापुरातील एका कापडगिरणीत मागावर कामाला होते आणि गाण्यांचे त्यांना अतोनात वेड होते. गेल्या महिन्यात चाळीतले जुने घर रिकामे करताना त्यांच्या लोखंडी पेटीत, दिवाळी अंकांच्या खाली, दोनशे पानांची एक वही सापडली. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरून लागणाऱ्या बिनाका गीतमालेतील गीतांचे १९५६ ते १९६१ या काळातील क्रमांक त्यांनी तिच्यात शाईने लिहून ठेवलेले आहेत. वर बुधवारची तारीख, खाली सोळा ओळी, प्रत्येक ओळीत गीताचे पहिले शब्द व गायकाचे नाव, आणि समासात बारीक अक्षरात कधी 'आठवडा ७ वा', कधी 'वर चढले', तर कधी 'इकडे पिक्चर अजून नाही' अशा नोंदी आहेत. मधले काही आठवडे कोरे आहेत. आई सांगते की त्या आठवड्यांत काकांना दुसरी पाळी असे आणि मध्यरात्रीपर्यंत ते मागावर उभे असत. शेजारच्या चाळीतील मित्राने ऐकून ठेवलेले क्रमांक मिळाले, तरच ते पान भरले जाई.

वही वाचताना मला एका गोष्टीचा उलगडा होत नाही. १९५७ सालच्या शेवटच्या पानावर, वर्षभरातील पहिले गीत म्हणून, 'जनम जनम के फेरे' या चित्रपटातील 'जरा सामने तो आओ छलिये' हे गीत लाल शाईने लिहिलेले आहे. 'प्यासा', 'नया दौर' आणि 'मदर इंडिया' हे तिन्ही चित्रपट त्याच वर्षीचे. आमच्या घरात कोणालाही त्या वर्षाची गाणी विचारली, तर याच तीन चित्रपटांची नावे निघतात. 'जनम जनम के फेरे' मात्र आईखेरीज कोणाला आठवतही नाही. काकांनी चुकीचे लिहिले असेल, असे त्यांच्या नेटकेपणाकडे पाहता मला वाटत नाही.

तेव्हा माझे विचारणे असे की, हे क्रमांक नेमके कशावरून ठरत असत? त्यांत आमच्या सोलापूरसारख्या गावातील श्रोत्यांच्या आवडीचा काही वाटा होता का? या वहीची नीट प्रत करून ठेवण्याचा माझा विचार आहे, आणि ती पुढच्या पिढीच्या हाती देताना 'त्या काळी सोलापुरात ही गाणी लोकप्रिय होती' असे तिच्यावर लिहिणे योग्य होईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. मराठी गीतांची अशी एखादी क्रमवारी कधी होती का, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १
लिहिणार : तबकडी

आपल्या काकांची नोंद बरोबर आहे. १९५७ च्या वार्षिक कार्यक्रमात पहिले स्थान त्याच गीताला मिळाले होते. गीत भरत व्यासांचे, संगीत एस. एन. त्रिपाठी यांचे आणि स्वर महंमद रफी व लता मंगेशकर यांचे. आमच्या घराण्याचे नव्या पेठेत ग्रामोफोनच्या तबकड्यांचे दुकान होते आणि माझे बालपण त्या दुकानाच्या फळीवर गेले, म्हणून या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो.

गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ रोजी. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते त्या वर्षी जवळजवळ हद्दपार झाली होती. कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक होते, आणि ते केंद्र जाहिराती घेत असल्यामुळे त्याला हिंदी गीतांचे वावडे नव्हते. बिनाका टूथपेस्टच्या कंपनीने पुरस्कृत केलेल्या या कार्यक्रमाचे निवेदन तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या अमीन सयानी यांच्याकडे आले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत असे आणि त्याची फीत विमानाने कोलंबोला जाई. म्हणजे एखाद्या बुधवारी काकांनी जो क्रमांक लिहून घेतला, तो त्या दिवसाचा नसून काही दिवसांपूर्वीच्या हिशेबाचा असे. तारखा जुळवताना हे ध्यानात ठेवावे.

आरंभीच्या काळात क्रमवारी अशी नव्हतीच. अर्ध्या तासात सात गीते कोणत्याही क्रमाने वाजवली जात, श्रोत्यांनी ती लोकप्रियतेनुसार लावून पत्राने कळवायची, आणि ज्याचा क्रम जुळेल त्याला बक्षीस, असा तो खेळ होता. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा ओघ आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला, असे सयानी यांनी अनेकदा सांगितले आहे. एवढी पत्रे उघडून वाचणे आवाक्याबाहेरचे झाले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद करून कार्यक्रमाला तासाभराच्या क्रमवारीचे रूप देण्यात आले आणि 'पायदान' (क्रमवारीतील पायरी) हा शब्द घरोघर पोचला. आपल्या वहीची सुरुवात १९५६ ची आहे, म्हणजे ती या नव्या रूपाची आहे.

क्रम ठरवण्याचा मुख्य आधार होता देशभरातील निवडक दुकानांत झालेली तबकड्यांची विक्री. यातील अडचणी मी दुकानदाराचा मुलगा म्हणून सांगू शकतो. सोलापूरला माल मुंबई-पुण्याहून येई. एखादे गीत गाजू लागले की चार दिवसांत साठा संपे, आणि नवी पेटी येईपर्यंत पंधरा दिवस आम्ही गिऱ्हाईक परत पाठवत असू. मागणी शिगेला पोचलेली असताना विक्री शून्य! ज्या दुकानांचे आकडे गीतमालेकडे जात, तिथेही असेच होणार, आणि ते गीत आधीच्या आठवड्यापेक्षा खाली घसरल्यासारखे दिसणार. शिवाय विक्री फुगवताही येते. ज्याचे हित त्यात गुंतले आहे, त्याने स्वतःच चार पेट्या उचलल्या की आकडा वर जातो. म्हणूनच पुढे गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे मागवून ती विक्रीच्या जोडीला धरण्यात आली. खूप आठवडे गाजून झालेले गीत 'सरताज गीत' म्हणून बिगुलाच्या सुरात मानाने बाजूला काढले जाई, नाहीतर त्याने नव्या गीतांची वाट अडवून धरली असती.

आता १९५७ कडे वळतो. 'नया दौर'ची गाणी आठवा. 'उडें जब जब जुल्फें तेरी', 'मांग के साथ तुम्हारा', 'साथी हाथ बढ़ाना', 'ये देश है वीर जवानों का' अशी एकाच चित्रपटातील चार-पाच गाणी एकाच वेळी लोकांच्या तोंडी होती. त्या काळच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे एक गीत, म्हणजे दोन्ही बाजू मिळून दोन गीते मावत. गिऱ्हाइकाच्या खिशात एकाच तबकडीचे पैसे असत, आणि त्या चित्रपटाची आवड तीन-चार तबकड्यांत वाटली जाई. ज्या चित्रपटाचे एकच गीत सर्वांना हवे आहे, त्याची सगळी मागणी मात्र एका तबकडीवर एकवटे. 'मदर इंडिया' तर २५ ऑक्टोबरला प्रदर्शित झाला. वर्षभराच्या बेरजेत भर घालायला त्याला आठवडेच किती मिळाले? वार्षिक क्रमांक हा साऱ्या आठवड्यांची बेरीज असल्यामुळे वर्षाच्या शेवटी आलेल्या गीतावर नेहमीच अन्याय होई. 'डॉन' १९७८ चा, पण 'खइके पान बनारसवाला' पहिले आले १९७९ च्या यादीत. 'दम मारो दम'चा चित्रपट १९७१ चा आणि पहिले स्थान १९७२ चे. 'खइके पान'ची तर पार्श्वभूमीही सांगण्यासारखी आहे. चित्रपट जवळजवळ पूर्ण झाल्यावर, उत्तरार्ध फार ताणलेला आहे, प्रेक्षकाला श्वास घ्यायला एक गीत हवे, असे मनोजकुमार यांनी सुचवले आणि मग ते घालण्यात आले. मुळात चित्रपटात नसलेले गीत पुढच्या वर्षाच्या यादीत सर्वांच्या वर गेले, ही गोष्ट मला फार आवडते.

आणखी एक गोष्ट माझ्या वडिलांच्या बोलण्यातून कळलेली. गिरणीतला माणूस तबकडी विकत घेत नसे, त्याच्याकडे ग्रामोफोन कुठला? आमची मोठी गिऱ्हाइके म्हणजे चहाची हॉटेले, बँडवाले आणि लग्नकार्यात, गड्ड्याच्या यात्रेत कर्णे लावणारे मंडपवाले. पोलादी सुईने लाखेची तबकडी पंचवीस-तीस वेळा वाजवली की खरखरू लागते, त्यामुळे मंडपवाला तीच तबकडी एका मोसमात दोनदा-तीनदा नेई. भक्तिभावाचे, पण प्रेमगीत म्हणूनही ऐकता येईल असे 'जरा सामने तो आओ'सारखे गीत लग्नात, देवळापुढे, हॉटेलात, कुठेही लावता येत होते. त्याच्या यशाचे एक कारण मला यात दिसते.

उत्तर २
लिहिणार : पूर्वभाग

'तबकडी' यांनी दुकानाच्या फळीवरून जे सांगितले, त्याला मी आमच्या गल्लीतून जोड देतो. आमचे घराणे पद्मशाली, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. माझे आजोबा हातमागावर चादरी विणत आणि पुढे वडिलांनी यंत्रमाग घातले. १९५७ साली सोलापुरात कोणते गीत गाजत होते, असे आमच्या आजीला विचारले असते, तर तिने क्षणाचाही विचार न करता 'मायाबजार' या तेलुगू चित्रपटातील 'लाहिरी लाहिरी लाहिरिलो' हेच उत्तर दिले असते. तो चित्रपट त्याच वर्षी मार्चमध्ये प्रदर्शित झाला. ते गीत पिंगळी नागेंद्रराव यांचे असून घंटसाला आणि पी. लीला यांनी ते गायले आहे. त्याची पार्श्वभूमी जाणत्यांना ठाऊक असेल: चाल बांधली साळूरी राजेश्वरराव यांनी, परंतु चार गीतांच्या चाली देऊन ते त्या कामातून बाहेर पडले आणि उरलेले सारे संगीत घंटसाला यांनी पूर्ण केले. म्हणून चित्रपटावर संगीतकार म्हणून घंटसाला यांचे नाव दिसते, पण नदीतील नौकेची ती संथ चाल राजेश्वररावांची आहे.

हे सांगण्याचा हेतू एवढाच की, बिनाका गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची होती. कन्ना चौकापासून अशोक चौकापर्यंतच्या मागांवर दिवसभर जी गाणी गुणगुणली जात होती, त्यांतली निम्मी त्या मोजणीत येण्याचा संभवच नव्हता. अक्कलकोट आणि विजापूरच्या बाजूने आलेल्या कानडी कुटुंबांचे, तमाशाच्या फडावर जाणाऱ्या मराठी मंडळींचेही तेच. आपल्या काकांची वही अनमोल आहे, यात शंका नाही, पण तिच्यावर 'सोलापुरात लोकप्रिय असलेली गाणी' असे लिहिलेत तर आमच्या आजीवर अन्याय होईल.

उत्तर ३
लिहिणार : आलेख

क्रमवारीच्या इतिहासाचा मी बराच काळ अभ्यास करत आलो आहे. परदेशातील याद्यांकडे पाहिले तर आपल्या प्रश्नाचे दुसरे टोक दिसते, म्हणून थोडे लिहितो.

ब्रिटनमधील पहिली विक्रीवर आधारित यादी 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली, म्हणजे गीतमालेच्या आधी केवळ एकोणीस दिवस. पर्सी डिकिन्स या त्या साप्ताहिकातील गृहस्थांनी सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून कोणत्या तबकड्या खपल्या ते विचारले आणि त्यावरून पहिल्या बारांची यादी केली. पहिले स्थान अल मार्टिनो यांच्या 'हिअर इन माय हार्ट'ला मिळाले आणि ते तिथे नऊ आठवडे राहिले. आज ब्रिटनमधील कोणत्याही गीताचा इतिहास सांगताना याच यादीपासून मोजायला सुरुवात करतात. तिचा पाया मात्र एका माणसाने वीस दुकानदारांशी केलेले बोलणे एवढाच होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

अमेरिकेत 'बिलबोर्ड'ने देशभरच्या विक्रीची यादी जुलै १९४० पासून दिली, आणि विक्री व रेडिओवरील वादन यांचा एकत्र विचार करणारी शंभर गीतांची प्रसिद्ध यादी ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू केली. तिथेही 'तबकडी' यांनी सांगितलेला रोग होताच. ठरावीक तबकडी वाजवण्यासाठी रेडिओवरील निवेदकांना पैसे चारले जात, हे १९५९ मध्ये उघड झाले, त्याच वर्षी अ‍ॅलन फ्रीड यांच्यासारख्या नामवंत निवेदकाची नोकरी गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसपुढे त्याची सुनावणी झाली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९१ चा प्रसंग. तोपर्यंत दुकानांतील कर्मचारी दूरध्वनीवरून अंदाजाने सांगत आणि त्यावर याद्या होत. त्या वर्षी 'बिलबोर्ड'ने रोखपालाच्या यंत्रावर पट्टीसंकेत (बारकोड) वाचून झालेली प्रत्यक्ष विक्री धरायला सुरुवात केली. लोकांची आवड एका आठवड्यात बदलणे शक्य नव्हते. तरीही याद्यांचे रूप पालटले, आणि ग्रामीण अमेरिकेचे कंट्री संगीत व कृष्णवर्णीयांचे रॅप एकदम वर आले. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स यांचा संग्रह आल्या आल्याच पहिल्या स्थानावर गेला. कंट्री संगीताच्या बाबतीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. ते गिऱ्हाईक आधीही होतेच, पण विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला ते दिसत नव्हते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आजीबाईंची गोष्ट वाचताना मला हाच प्रसंग आठवला.

आपल्याशी नाते सांगणारे एक उदाहरण देऊन थांबतो. 'कॉर्नरशॉप' या ब्रिटिश वाद्यवृंदाने, ज्याचे प्रमुख टजिंदर सिंग आहेत, आशा भोसले यांना आदरांजली म्हणून 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गीत केले. १९९७ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत साठाव्या स्थानापर्यंत जाऊन विरून गेले. नॉर्मन कुक यांनी त्याचा वेग व ठेका बदलून ते नव्याने बांधले, तेव्हा फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गीत पहिल्या क्रमांकावर पोचले. सांगलीत जन्मलेल्या गायिकेचे नाव असलेले गीत ब्रिटनमध्ये सर्वांच्या वर गेले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. काहीच महिन्यांत साठावरून पहिला क्रमांक मिळवून देणारा तो बदल शब्दांत वा भावनेत नव्हता, निव्वळ ठेक्यात होता, हेही क्रमवारीचा अभ्यास करणाऱ्याने पाहण्यासारखे आहे.

प्रतिसाद
लिहिणार : गिरणीचाळ (सोलापूर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. 'तबकडी' यांचे उत्तर वाचून मी वही पुन्हा उघडली आणि समासातील 'इकडे पिक्चर अजून नाही' या नोंदींचा अर्थ आता लागला. अनेक गीतांच्या बाबतीत काकांनी त्या शेऱ्यापुढे काही महिन्यांनी दुसऱ्या शाईने 'लागले' असे लिहून तारीख घातली आहे. त्या तारखेपर्यंत ते गीत मालेत उतरणीला लागलेले, क्वचित बाहेरही गेलेले दिसते. म्हणजे सोलापूरकरांनी पडद्यावर पाहून ज्या गीतावर जीव टाकला, ते तोवर मुंबईच्या दृष्टीने जुने झालेले असे.

'पूर्वभाग' यांना विशेष सांगावेसे वाटते की, वहीच्या मागच्या मलपृष्ठाच्या आत काकांनी पेन्सिलीने 'लाहिरी' असा एकच शब्द लिहिलेला आहे. काल-परवापर्यंत तो मला कोणाच्या तरी नावासारखा वाटत होता. काकांच्या खात्यात बरेच तेलुगू भाषक सोबती होते, हे आईने आठवणीने सांगितले.

मराठी गीतांविषयीच्या माझ्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर मिळालेले नाही.

उत्तर ४
लिहिणार : चंद्रभागातीर (पंढरपूर)

मी निवृत्त शिक्षक आहे आणि मराठी गीत हा माझ्या आयुष्यभराचा विषय आहे. गीतमालेसारखी, देशभर ऐकली जाणारी आणि आठवड्याला क्रमांक देणारी क्रमवारी मराठी गीताच्या वाट्याला आली नाही. आकाशवाणीच्या 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांत श्रोत्यांच्या पत्रांनुसार गीते लागत, पत्रे पाठवणाऱ्यांची नावे व गावे वाचली जात, पण कोणाला पहिले वा दुसरे म्हटले जात नसे. याची मला कधी खंत वाटली नाही, कारण मराठी गीताचे यश मोजायच्या आमच्या जागा निराळ्या होत्या.

'गीतरामायण' पाहा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून त्याचा आरंभ झाला. केंद्रावरील सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडून हे काम करवून घेतले, सुधीर फडके यांनी चाली दिल्या, आणि दर आठवड्याला एक नवे गीत असे वर्षभर चालले. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे बावन्नऐवजी छप्पन्न गीते झाली. त्यांची मोजणी करायला कोणते दुकान होते? गीत लागण्याच्या वेळेला घरोघर रेडिओची पूजा होत असे, त्याला हार घातला जाई, असे त्या पिढीतील कितीतरी माणसांनी लिहून ठेवले आहे. आपल्या काकांनी गीतमाला लिहून घेतली, त्याच निष्ठेने शेकडो घरांत 'गीतरामायणा'चे शब्द वहीत उतरवून घेतले जात होते.

चित्रपटाच्या बाबतीत आम्ही आठवडे मोजले. 'सांगत्ये ऐका' हा अनंत माने यांचा १९५९ सालचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या आसपास चालला, आणि त्यातील 'बुगडी माझी सांडली गं' हे माडगूळकरांचे, वसंत पवारांनी चाल दिलेले, आशा भोसले यांनी गायलेले गीत कोणत्याही क्रमांकाशिवाय आजच्या लग्नघरापर्यंत आले आहे.

पंढरपुरात राहत असल्यामुळे मी दुसरी एक मोजणी दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. प्रल्हाद शिंदे यांचे 'पाऊले चालती पंढरीची वाट' आधी तबकडीवर होते, मग कॅसेटवर आले, पुढे सीडीवर, आणि आता दुकानदार ते लहानशा पेन ड्राइव्हवर भरून देतो. आषाढीच्या आधी आठ दिवस प्रदक्षिणा मार्गावरच्या दुकानांत हे गीत आणि भीमसेन जोशी यांनी राम फाटक यांच्या चालीवर गायलेले 'माझे माहेर पंढरी' हेच आलटून पालटून ऐकू येतात. यादीत गीत चार-सहा महिने टिकते. या दोन गीतांची मागणी दरवर्षी त्याच तिथीला नव्याने येते, आणि आठवड्याच्या कोष्टकात ती मांडायला जागाच नाही.

सोलापूरचा विषय आहे म्हणून शाहीर राम जोशी यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. पेशवाईच्या उत्तरार्धातील या सोलापूरच्या शाहिराची 'सुंदरा मनामधें भरली' ही लावणी फडांतून, वह्यांतून आणि तोंडोतोंडी दीडशे वर्षांच्या आसपास जिवंत राहिली आणि १९४७ साली बाबूराव पेंटर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटातून, वसंत देसाई यांच्या संगीतासह, पुन्हा साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर आली. एखाद्या गीताची पार्श्वभूमी म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी हीच गोष्ट सांगत असे.

आणि अगदी अलीकडचे सांगायचे, तर आपल्याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. अजय-अतुल यांनी त्यातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केला. 'झिंगाट'ची चाल पुढे कानडीत गेली आणि २०१८ मध्ये हिंदी 'धडक'मध्येही गेली. आता आंतरजालावर किती वेळा पाहिले गेले, याचा आकडा गीताखालीच दिसतो, त्यामुळे ही मोजणी अचूक झाली असे तरुणांना वाटते. परंतु त्या उन्हाळ्यात माढा, करमाळा, बार्शीकडच्या प्रत्येक वरातीत ते दहा-दहा वेळा वाजले आणि एका वेळी शंभर-दोनशे माणसे त्यावर नाचली, ती सारी त्या आकड्याच्या बाहेरच राहिली. मंडपवाल्याच्या कर्ण्याची गोष्ट 'तबकडी' यांनी सांगितली, तिचेच हे आजचे रूप आहे.

प्रतिसाद
लिहिणार : तबकडी

गुरुजींनी फार मोलाचे लिहिले. 'गिरणीचाळ' यांना प्रत करण्याविषयी एक-दोन सूचना कराव्याशा वाटतात. कोरे आठवडे अन्य कोठून तरी मिळालेल्या यादीवरून भरू नयेत. ते कोरेच ठेवून त्यापुढे 'दुसरी पाळी' असे लिहावे, कारण ती काकांच्या आयुष्याची नोंद आहे. मित्राकडून ऐकून भरलेली पाने अक्षरावरून वा शाईवरून ओळखू येत असतील, तर तसे वेगळे दाखवावे. आणि समासातील 'लागले' च्या तारखा एका स्वतंत्र कोष्टकात जरूर घ्याव्यात. वार्षिक याद्या अनेक ठिकाणी मिळतात, सयानी साहेबांनी स्वतःच्या आवाजात त्या गीतांच्या आठवणीही पुढे ध्वनिमुद्रित करून ठेवल्या; पण कोणते गीत सोलापुरात पडद्यावर कोणत्या दिवशी पोचले, हे आपल्या वहीखेरीज कोठेही सापडणार नाही.

प्रतिसाद
लिहिणार : गिरणीचाळ (सोलापूर)

सूचना पटल्या. पहिल्या पानावर 'बिनाका गीतमालेतील क्रमांक, सोलापुरात एका गिरणी कामगाराने ऐकून लिहिलेले, १९५६ ते १९६१' एवढेच लिहिण्याचे ठरवले आहे. कोरी पाने कोरीच राहतील. पानांची छायाचित्रे काढण्याचे काम येत्या रविवारपासून सुरू करतो आणि समासातील तारखांचे कोष्टक झाले की इथेच ठेवतो. 'पूर्वभाग' यांना विनंती आहे की, शक्य झाल्यास एखाद्या संध्याकाळी आईला भेटायला यावे. काकांच्या तेलुगू सोबत्यांपैकी दोघांची आडनावे तिला आठवतात, आणि ती मंडळी अशोक चौकाच्या आसपास राहत होती असे ती सांगते.